फ्रेझरचं डावं कोपर

परवा भाच्याचा फोटो आला. फिलाडेल्फियाच्या आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवर दोन्ही हात वर करून उभा, मागे सगळं शहर पसरलेलं. खाली एक ओळ, ‘मावशी, फायनली!’ तिकडे शिकायला गेलेलं प्रत्येक पोर पहिल्या महिन्यात हा फोटो काढतं. ७२ पायऱ्या पळत चढायच्या, वर जाऊन हात उंचवायचे, मग ‘रॉकी’च्या पुतळ्याशेजारी फोटोसाठी रांग लावायची. मी तिथे नवी असताना हेच केलं होतं, त्यामुळे हसण्याचा मला काही अधिकार नाही.

मी लिहिलं, ‘मस्त. आता फ्रेझरला भेटून ये.’

‘कोण फ्रेझर?’

खरं तर त्याच्या आजोबांनीच त्याला हे सांगायला हवं होतं. पण नानांना व्हॉट्सॲपवर टाइप करायचा कंटाळा, आणि भाच्याला फोनवर बोलायचा. म्हणून मीच लिहिते.

आमचे नाना साताऱ्याकडचे. १९६८ला फौजेत भरती झाले, बॉम्बे सॅपर्स म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पथकात, खडकीला. सुभेदार होऊन निवृत्त झाले. सुरुवातीची काही वर्षं ते युनिटकडून बॉक्सिंग करायचे. त्याचा पुरावा म्हणजे जरा डावीकडे झुकलेलं नाक. एकाहत्तरच्या डिसेंबरात ते पश्चिम सीमेवर होते. त्याबद्दल त्यांना विचारलं तर दोन वाक्यांत आटपतात. पण त्याच वर्षीच्या मार्च महिन्याबद्दल विचारा, दुपारचा चहा संध्याकाळच्या चहाला जाऊन मिळतो.

मार्चमध्ये काय झालं होतं? ८ मार्च १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महंमद अली आणि जो फ्रेझर बॉक्सिंगच्या रिंगमध्ये समोरासमोर आले. दोघेही तोवर एकदाही न हरलेले, दोघांनाही २५-२५ लाख डॉलर ठरलेले. खडकीच्या बराकीत टीव्ही कुठला? मुंबईत टीव्ही आला तोच पुढच्या वर्षी. बातमी आली पेपरातून, आणि काही आठवड्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकातला एक फोटो आला. अली पाठीवर पडलाय, पाय हवेत, बुटांचे गोंडे उडालेले. त्यांच्या उस्तादांनी तो फोटो कापून रिंगच्या खोलीत चिकटवला होता. नाना सांगतात, सगळी पोरं अलीकडे बघायची आणि उस्ताद ओरडायचे, “पडलेल्याकडं काय बघताय, मारणाऱ्याचं कोपर बघा!”

मी मात्र अलीच्या बाजूची. आमच्या पिढीत बॉक्सिंगचं शून्य ज्ञान असलेला माणूससुद्धा अलीच्या बाजूचाच असतो. देखणा, बोलका, व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार देऊन किताब आणि साडेतीन वर्षं गमावलेला. त्याच्यासमोरचा फ्रेझर म्हणजे कोणीतरी ठेंगणा, खाली मान घालून पुढे पुढे येणारा. त्यालाही आयुष्य होतं हे मला नानांमुळेच कळलं.

२०१२च्या उन्हाळ्यात नाना आणि आई तीन महिने आमच्याकडे आले. आम्ही तेव्हा फिलाडेल्फियाजवळ मीडिया नावाच्या गावात राहायचो. गावाचं नावच मीडिया. रस्त्याच्या मधोमध ट्रॉली धावते, दुकानं, चर्च, बाकी शांतता. या गावाचाही त्या रात्रीशी संबंध आहे. गार्डनमध्ये फाइट चालू होती, सगळ्या देशाचं लक्ष तिकडे लागलं होतं, आणि ती संधी साधून काही युद्धविरोधी मंडळींनी मीडियातलं एफबीआयचं छोटंसं कार्यालय फोडून फायली पळवल्या. सरकार आपल्याच नागरिकांवर कशी पाळत ठेवतं, ते त्या फायलींमधून बाहेर आलं. त्यातलं कोणीही कधी पकडलं गेलं नाही. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, “मंजे त्या रात्री दोन ठिकाणी डावा हुक बसला.” हुक म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा. फौजी माणूस सरकारविरुद्ध याच्यापुढे जात नाही.

पहिल्या शनिवारी मी त्यांना पायऱ्यांवर घेऊन गेले. आई वर न चढता सावलीत बसली. नानांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली.

“ह्यो कोण?”

“रॉकी. पिक्चरमधला बॉक्सर.”

“खरा न्हाई?”

“नाही.”

“आन् फ्रेझरचा कुठाय?”

तो नव्हता. फ्रेझर जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ७ नोव्हेंबर २०११ला यकृताच्या कॅन्सरने तो गेला, याच शहरात, जिथे त्याने पन्नास वर्षं काढली. ‘रॉकी’मधला नायक खाटीकखान्याच्या शीतगृहात टांगलेल्या मांसावर बुक्क्या मारतो आणि पहाटे या पायऱ्यांवर पळतो. हे माझंच आयुष्य आहे असं फ्रेझर शेवटपर्यंत सांगत राहिला. तो केन्सिंग्टन भागातल्या एका कोशर, म्हणजे ज्यू पद्धतीच्या, खाटीकखान्यात कामाला होता. रक्त धुऊन गटारात लोटायचं, अर्धे चिरलेले बैल ओढायचे, आणि कोणी बघत नसेल तेव्हा त्यांच्यावर हात साफ करायचा. १९७६च्या त्या सिनेमात तो स्वतःही क्षणभर दिसतो, सूट घालून, रिंगमध्ये पाहुणा म्हणून. आपल्याच घरात पाहुणा.

नानांनी पुतळ्यासोबत फोटो काढून घेतला नाही. मी आग्रह केला, तर म्हणाले, “तुझ्या आईचा काढ.”

पुढच्या शनिवारी आम्ही नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटला गेलो. नवरा म्हणत होता, तो भाग बरा नाही, तिथे बघण्यासारखं काही नाही. नाना बूट घालून आधीच गाडीत जाऊन बसले होते. वाटेत त्यांनी मला फ्रेझर सांगितला. बराचसा मी नंतर वाचून पडताळला, आणि एखाद-दुसरी तारीख सोडली तर नानांचं बरोबर निघालं.

साउथ कॅरोलायनातलं ब्युफर्ट, १९४४चा जन्म. डॉली आणि रूबिन फ्रेझरचं बारावं मूल. जमीन अशी की त्यात धड काही पिकत नाही. रूबिनचा डावा हात भांडणात गोळी लागून गेलेला. दोघांनी धरायच्या मोठ्या करवतीला बाप उजवा हात लावायचा, मग समोरच्या पोराला डावा लावावा लागायचा. बापाचा डावा हात म्हणजे मीच होतो, असं जो सांगायचा. घरात टीव्ही आल्यावर जुन्या फाइट बघून कोणी काका म्हणाले, हा पोरगा दुसरा जो लुई होणार, म्हणजे त्या आधीचा गाजलेला काळा जगज्जेता. पोराने ते मनावर घेतलं. गोणपाटात चिंध्या, मक्याची बुरकुंडं, एक वीट आणि झाडावर लोंबणारं शेवाळ भरून ते ओकच्या फांदीला टांगलं आणि रोज बडवायला लागला.

आणि मग डुक्कर. नानांचा हा आवडता भाग. घरी एक दांडगं डुक्कर होतं. जो ने काठीने त्याला डिवचलं, फाटक उघडं राहिलं होतं, डुक्कर मागे लागलं. पोरगं पळता पळता पडलं आणि डावा हात विटेवर आपटला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हात आपोआप भरून आला, तो वाकडा. पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही.

“आता बघ,” नाना म्हणाले, “तो हात कुठल्या कोनात बसला? हुकच्या. देवानं त्येचा हात तिथंच वेल्डिंग केला.”

देवाचं नाव घेतलं तरी माझा यावर पूर्ण विश्वास नाही. वाकडा हात लाखोंचा असतो, सगळेच काही जगज्जेते होत नाहीत. पण त्याच रात्री स्वयंपाकघरात नानांनी मला उभं केलं आणि दाखवलं. मी पोळ्या लाटत होते, हात पिठाने माखलेले. “हुक हातानं मारत न्हाईत, कमरेनं मारतात. डाव्या पायाच्या चवड्यावर फिर. टाच भाईर. कोपर खांद्याला, काटकोनात. कोपर उघडलं की हुकची थापड झाली.” मी तीनदा केलं, तिन्ही वेळा कोपर उघडलं. हाताला वळणच नाही, तो आपोआप सरळ व्हायला बघतो. माझ्या डाव्या हाताचा पिठाचा पंजा फ्रिजवर उमटला तेव्हा आईने दोघांनाही बाहेर काढलं.

एवढं कळलं की उरलेलं सोपं आहे. फ्रेझर उंचीने सहा फुटांच्या आत, अली सहा फूट तीन इंच. लांबून मारायचं म्हटलं तर फ्रेझर कधीच पोचणार नाही. म्हणून तो वाकत, डोकं घड्याळाच्या लंबकासारखं हलवत, दोन खाऊन एक द्यायला आत शिरायचा. त्याला आत शिरण्याचीच किंमत मोजावी लागायची, तीन मिनिटांच्या दर फेरीत, नव्याने. ‘स्मोकिन् जो’ हे नाव त्याचे गुरू यँक डरहम यांच्यामुळे पडलं. ग्लव्हजमधून धूर निघाला पाहिजे, असं ते म्हणत.

पंधराव्या वर्षी ब्युफर्ट सुटलं. शेतमालक एका लहान काळ्या मुलाला पट्ट्याने मारत होता, ते जो ने चारचौघांत सांगितलं. मालकाने त्याच्यावरही पट्टा काढला. पोरगा म्हणाला, तो पट्टा तुमची पँट सावरायला ठेवा. यानंतर गावात राहणं धोक्याचं, हे आईला कळलं. बसने न्यूयॉर्क, तिथून फिलाडेल्फिया. मांड्या जाड झाल्या, पँट होत नाही म्हणून पोलिसांच्या क्रीडा मंडळाच्या जिममध्ये गेला. वजन उतरवायला गेलेला माणूस १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हेवीवेटचं सुवर्णपदक घेऊन आला. तेही राखीव खेळाडू म्हणून. निवड चाचणीत त्याला बस्टर मॅथिसने हरवलं होतं. मॅथिसचा हात दुखावला म्हणून याला पाठवलं. उपांत्य फेरीत याचाही डावा अंगठा मोडला. कोणाला सांगितलं नाही. मोडक्या अंगठ्याने फायनल ३–२ने जिंकली. परत आला तो प्लास्टरमध्ये. त्या हाताने खाटीकखान्यात काम होईना, घरात लहान मुलं. नाना म्हणाले, “आपल्याकडं निदान गावात मिरवणूक तरी काढली असती.” मी विचारलं, “आणि पुढच्या वर्षी?” त्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले.

अलीला बंदी होती त्या काळात फ्रेझर जगज्जेता झाला, १९७०मध्ये जिमी एलिसला हरवून. लोक म्हणत, खरा राजा वनवासात, हा गादीवर. फ्रेझरला ते मान्यच होतं म्हणा, म्हणून तर त्याने अलीला बॉक्सिंगचा परवाना परत मिळावा यासाठी शब्द टाकला, अडचणीत पैसे दिले. आणि परवाना मिळाल्यावर अलीने काय केलं? फ्रेझरला ‘अंकल टॉम’ म्हणाला, म्हणजे गोऱ्यांच्या ताटाखालचं मांजर. कोण कोणाला म्हणतंय बघा. अली लुईव्हिल शहरातल्या पाट्या रंगवणाऱ्याचा मुलगा, आणि फ्रेझर पट्ट्याच्या धाकातून पळून आलेला शेतमजूर. तिकिटं खपवायला केलेली बडबड, असं अलीचे भक्त म्हणतात. मीही म्हणायचे. पण फ्रेझरच्या पोरांना शाळेत इतर पोरं त्याच नावाने चिडवत होती, हे वाचल्यापासून नाही म्हणत.

त्या रात्री हिरव्या-सोनेरी चड्डीतल्या फ्रेझरने पंधराव्या फेरीच्या सुरुवातीला तो हुक मारला. मी आता यूट्यूबवर कितीदा तरी पाहिलाय. हात जवळपास पाठीमागून, कमरेखालून उचलून येतो आणि अली पाठीवर. लगेच उठलाही तो, हे त्याचं मोठेपण. तिन्ही पंचांनी फ्रेझरला दिलं. जिंकलेल्याला नंतर किती दिवस इस्पितळात राहावं लागलं, हे मात्र कोणाच्या लक्षात नसतं.

पुढचं पटापट. १९७३ला किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवलं, किताब गेला. १९७४ला अलीने गुणांवर हरवलं. आणि १ ऑक्टोबर १९७५ला मनिला.

मनिलाबद्दल नाना गाडीत बोलले नाहीत. गाडी थांबली होती, आम्ही पोचलो होतो.

ब्रॉड स्ट्रीट, रेल्वेच्या पुलाजवळ, तीन मजली जुनी इमारत. दाराच्या वर दगडात कोरलेलं, ‘जो फ्रेझर्स जिम’. आणि त्याच्याखाली, खिडक्यांवर, भडक अक्षरांत गाद्यांचा आणि सोफ्यांचा सेल. इथे फ्रेझरने सराव केला, नंतर मोहल्ल्यातल्या पोरांना शिकवलं, आणि पैसे संपल्यावर याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहिला. २००८ला जिम बंद पडली. पुढे ते फर्निचरचं दुकान झालं.

नाना आत गेले. विक्रेता पुढे आला, काय पाहिजे, किंग साइज की क्वीन? नानांनी फौजेतलं इंग्रजी काढलं आणि विचारलं, रिंग कुठे होती? त्या बिचाऱ्याने हॉलच्या मध्यावर कुठेतरी हात केला. तिथे प्लॅस्टिक गुंडाळलेले पलंग होते. नाना दोन पलंगांच्या मधून पावलं टाकत गेले, तोंडाने आकडे मोजत. वीस फूट झाल्यावर काटकोनात वळले, पुन्हा वीस. मधे एक सोफा आडवा आला, त्याला वळसा घातला. चौथ्या कोपऱ्यात जाऊन थांबले. एका गादीच्या कडेला टेकले. विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाईक पक्कं.

“हितं बसला आसंल,” ते म्हणाले. मनिलाचं त्यांना या कोपऱ्यात आठवलं.

ती फाइट अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी तिथल्या सकाळी ठेवली होती. क्वेझॉन सिटीचं अरानेटा कोलिझियम खचाखच भरलेलं, आत भट्टी. चौदा फेऱ्या. तेराव्या फेरीत अलीच्या ठोशाने फ्रेझरच्या तोंडातला माउथपीस उडून प्रेक्षकांत गेला. फ्रेझरला डाव्या डोळ्याने आधीपासूनच धड दिसत नव्हतं, ते त्याने वर्षानुवर्षं लपवलं होतं. आता उजवा सुजून मिटला. म्हणजे अलीचा उजवा हात कुठून येतोय ते दिसेना. पंधरावी फेरी बाकी. फ्रेझर उठायला लागला, आणि त्याचे गुरू एडी फच यांनी त्याला खाली बसवलं. बस बाळा, संपलं. तू आज इथे जे केलंस ते कोणी विसरणार नाही. आणि पंचाला खूण केली. समोरच्या कोपऱ्यात अलीचीही तीच अवस्था होती. मरणाच्या इतकं जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं तो नंतर म्हणाला.

“फच साहेबांनी बरोबर केलं?” मी विचारलं.

नाना म्हणाले, “माझी एक बाउट आमच्या उस्तादांनी थांबवली व्हती. नाक फुटल्यालं, पण मी जिंकत व्हतो. मी त्यांच्याशी म्हैनाभर बोललो न्हाई.”

“आणि मग?”

“मग काय. नाक वाकडं राह्यलं, डोकं राह्यलं.” ते उठले, गादीची सुरकुती हाताने साफ केली. फ्रेझरनेही फचना दोष दिला नाही, पण अलीला माफ करायला मात्र त्याला आयुष्य पुरलं नाही. १९९६ला अटलांटात पार्किन्सनने थरथरणाऱ्या हातांनी अलीने ऑलिम्पिकची ज्योत पेटवली, जगाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि फ्रेझर म्हणाला, मी असतो तर त्याला त्या आगीत ढकललं असतं. अलीची ही अवस्था आपण केली, असंही तो बढाईने सांगे. हे मला अजून गिळवत नाही. २००१मध्ये अलीने वर्तमानपत्रातून माफी मागितली. फ्रेझर कधी मिटलं म्हणायचा, कधी पुन्हा उकरून काढायचा. त्याच वर्षी दोघांच्या मुली, लैला आणि जॅकी, रिंगमध्ये उतरल्या. तिथेही अलीच जिंकली. आईचं मत विचारलं तर म्हणाली, “पोरींना तरी दुसरं काम द्यायचं.” जॅकीला होतं, ती वकील होती, नंतर न्यायाधीश झाली.

फ्रेझरच्या अंत्यविधीला अली आला होता. सगळ्यांनी उभं राहून प्रेम दाखवा असं सांगितल्यावर तोही कसाबसा उभा राहिला आणि टाळ्या वाजवल्या. त्याचे हात तेव्हा त्याचं ऐकत नव्हते.

आम्ही त्या दुकानातून एक उशी घेऊन बाहेर पडलो. नानांना रिकाम्या हाताने निघायला लाज वाटली. उशी अजून साताऱ्याच्या घरी आहे.

पुढच्या वर्षी त्या इमारतीची राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नोंद झाली. आणि सप्टेंबर २०१५मध्ये शहराच्या दक्षिणेला, स्टेडियमच्या आवारात, फ्रेझरचा कांस्य पुतळा उभा राहिला. पंधराव्या फेरीतल्या त्या हुकचा क्षण. मी एका रविवारी एकटीच गेले. रांग नव्हती. चारी बाजूंनी फोटो काढले आणि नानांना पाठवले.

दोन निळ्या खुणा झाल्या. बराच वेळ काही नाही. मग आवाजी संदेश आला, मागे आईचा कुकर.

“आगं, खाली पडल्याला कुठाय? अलीचा न्हाई केला व्हय पुतळा?” मग थोडी खरखर, बहुतेक फोटो मोठा करून बघत असावेत. “जाऊ दे. कोपर बरोबर केलंय.”